‘मिळून आला’ आणि ‘समज देऊन सोडले’

मराठी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, बहुधा खालच्या कोपऱ्यात, एक मजकूर आम्ही लहानपणापासून वाचत आलो आहोत. रात्री अमुक वाजता गस्तीवरील पोलिसांना अमुक ठिकाणी एक इसम संशयितरीत्या फिरताना मिळून आला, त्याच्याकडे विचारपूस केली असता त्याने उडवाउडवीची उत्तरे दिली, सबब त्यास ताब्यात घेण्यात आले. नाव बदलते, गाव बदलते, बाकी सारे तेच. हा मजकूर वार्ताहराचा नसतो. तो ठाण्यातल्या डायरीवरून जसाच्या तसा उतरवलेला असतो. आपल्या मोहल्ल्यातल्या कितीतरी पोरांच्या आयुष्यावर आजवर लिहिले गेलेले एकमेव मराठी गद्य म्हणजे हा मजकूर. समीक्षा कादंबरीची होते, कवितासंग्रहाची होते. मग या गद्याची का होऊ नये? कोणी म्हणेल, हे साहित्य नव्हे. नसेल. पण साहित्याने जे लिहायचे टाळले, ते इथे लिहिले जाते, आणि त्याचे परिणाम कोणत्याही पुरस्कारप्राप्त पुस्तकापेक्षा जास्त होतात.

आधी भाषा पाहू. ‘मिळून आला’ हे क्रियापद मराठीत वस्तूंसाठी वापरले जाते. झडतीत मुद्देमाल मिळून येतो, नाल्याकाठी बेवारस प्रेत मिळून येते, तसा पोरगाही मिळून येतो. तो घरून निघाला होता, चालत होता, कुठेतरी जात होता, हे त्या क्रियापदाला ठाऊकच नाही. पुढे येते ‘ताब्यात घेण्यात आले’. कोणी घेतले? कर्ता नाही. ज्या हवालदाराने त्या रात्री दोन पोरांतला एक ठेवला आणि एक सोडला, त्याचा निर्णय या कर्मणी प्रयोगाच्या आड नाहीसा होतो. निर्णय झालाच नाही, जणू पाऊस पडावा तसे काहीतरी घडून आले, असा भास व्याकरण निर्माण करते.

आणि ‘इसम’. हा शब्द आमच्या घरचा. अरबीत ‘इस्म’ म्हणजे नाव. पोलिसी मराठीत मात्र ज्याचे नाव अजून कोणाला विचारावेसे वाटलेले नाही, त्याला ‘इसम’ म्हणतात. ठाण्याची सारी शब्दसंपत्तीच अशी आहे. फिर्याद, मुद्देमाल, जबाब, जामीन, हवालदार, अंमलदार, पंचनाम्यातला नामा, सगळे फारसी-अरबीतून आलेले. आमच्या मराठीत उर्दू फार येते म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा ठाण्याची डायरी वाचावी. ‘गुन्हा’ या शब्दाचे तर आम्हांला नेहमीच नवल वाटत आले आहे. आमच्या अम्मीच्या तोंडी गुनाह म्हणजे अल्लाहसमोरचा, ज्याची तौबा करता येते. ठाण्यात तोच शब्द वहीत दाखल होतो, त्याला क्रमांक मिळतो, आणि मग तौबेचा काही उपयोग उरत नाही.

‘उडवाउडवीची उत्तरे’ या शब्दप्रयोगाबद्दलही दोन शब्द. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला रात्री एक वाजता कोणी विचारले, कुठे चाललास, तर तो म्हणणार, “कुछ नै साब, ऐसेइच.” त्या वयाच्या कोणत्याही पोराचे हे सर्वांत खरे उत्तर आहे. डेक्कनवरच्या पोराचे असते तसे मोमीनपुऱ्यातल्या पोराचेही असते. पण एकाचे उत्तर ‘उडवाउडवी’ होते आणि दुसऱ्याच्या वाट्याला त्याच डायरीतला दुसरा साचा येतो: ‘समज देऊन सोडण्यात आले’. या दोन वाक्यांमधले अंतर हाच आमच्या या लेखाचा विषय आहे. गुन्हा किरकोळ, पुरावा जवळपास नाही, पोरगा कोवळा. अशा वेळी ठेवायचे की सोडायचे हे ठरवणारी ती पाच-दहा मिनिटे. तिथे न्यायाधीश नसतो, वकील नसतो. ठाणे अंमलदाराचे टेबल असते, वायरलेसची खरखर असते आणि बाहेर बाकावर बसलेला बाप असतो.

या पाच-दहा मिनिटांविषयी कायदा मुका नाही. उलट गेल्या तीस वर्षांत तो बराच बोलका झाला आहे. १९९४ साली गाझियाबादच्या पोलिसांनी अठ्ठावीस वर्षांच्या एका वकिलाला काही प्रकरणांच्या चौकशीसाठी बोलावून घेतले आणि पाच दिवस घरी सोडले नाही. सर्वोच्च न्यायालयात पोलीस म्हणाले, आम्ही त्याला अटक केलीच नव्हती, तो मदतीसाठी आपणहून आमच्याबरोबर होता. ‘मिळून आला’चाच हा उत्तर भारतीय भाऊ. जोगिंदर कुमार खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. अटक करण्याचा अधिकार असणे ही एक गोष्ट आणि तो वापरण्याला समर्थन असणे ही दुसरी, असे न्यायालयाने त्यात बजावले. त्याच निकालात राष्ट्रीय पोलीस आयोगाच्या तिसऱ्या अहवालाचा दाखला आहे: साधारण साठ टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय, आणि तुरुंगांच्या खर्चापैकी ४३.२ टक्के खर्च अशा अटकांपायी. हे पोलीस आयोगाचे म्हणणे आहे, कोणा मानवाधिकारवाल्याचे नव्हे, हे लक्षात घ्यावे.

नंतर १९९६ च्या डिसेंबरात डी. के. बसू खटल्याचा निकाल आला. अटकेचा मेमो, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवणे हे सारे सक्तीचे झाले. फौजदारी संहितेच्या कलम ४१ मध्ये दुरुस्ती होऊन ती १ नोव्हेंबर २०१० पासून लागू झाली. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक करायची तर कारण लिहा, न करायची तर तेही लिहा, आणि शक्यतो हजर राहण्याची नोटीस देऊन भागवा, असे तिने सांगितले. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने तीच गोष्ट पोलिसांना आणि दंडाधिकाऱ्यांना पुन्हा कडक शब्दांत सांगितली. १ जुलै २०२४ पासून जुनी संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, कलम ४१ चे कलम ३५ झाले. नोटिशीची तरतूद तशीच राहिली. नव्या न्यायसंहितेत पाच हजार रुपयांच्या आतली चोरी, प्रथमच दोषी ठरलेला माणूस आणि वस्तू किंवा तिची किंमत परत, असे असेल तर शिक्षा म्हणून समाजसेवा सांगितली आहे.

अठराच्या आतल्या मुलांसाठी तर कायदा आणखी पुढे जातो. १५ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या बाल न्याय अधिनियमानुसार ज्या अपराधाला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे तो किरकोळ. मूल कोणत्याही अपराधातले असो, त्याला हवालातीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावे लागते. २०१६ च्या आदर्श नियमांत असे आहे की अपराध अतिगंभीर नसेल आणि सोबत कोणी प्रौढ आरोपी नसेल, तर प्रथम माहिती अहवालच नोंदवायचा नाही. स्टेशन डायरीत नोंद करायची, मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल लिहायचा, आईबापांना कळवायचे. मुलाशी बोलणारा अधिकारी साध्या कपड्यांत असावा, गणवेशात नसावा, इथपर्यंत बारकावा आहे.

मग अडचण कुठे आहे? आमच्या मते अडचण गद्यात आहे. कायदा म्हणतो कारण लिहा. ठाणे कारण लिहीत नाही, साचा लिहिते. ‘संशयितरीत्या’ हे कारण नव्हे, ते कारण नसल्याचे झाकण आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम १२२ पाहा. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात रस्त्यावर रेंगाळताना सापडलेल्या आणि समाधानकारक खुलासा न करू शकणाऱ्या माणसाबद्दल ते आहे, पण तो माणूस चोर म्हणून ख्याती असलेला असावा लागतो. आता ख्याती कोण ठरवणार? साहित्यात ख्यातनाम व्हायला पाच-सहा पुस्तके तरी लिहावी लागतात. मोहल्ल्यात एका डायरीनोंदीत काम भागते. पहिली नोंद दुसरीचे कारण होते, दुसरी तिसरीचे. मग ‘चॅप्टर केस’ होते. हे नाव जुन्या संहितेच्या आठव्या प्रकरणावरून पडले, नव्या संहितेत ते प्रकरण नववे झाले तरी ठाण्यात आणि गल्लीत शब्द तोच चालतो. चॅप्टर भरला की चांगल्या वर्तणुकीचा बाँड, जामीनदार, दर सणाला बोलावणे, आणि नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत अडकणे.

एक न्याय्य गोष्ट इथेच सांगून टाकतो. ठाण्यावरचा माणूस राक्षस नसतो. बारा तासांची ड्यूटी, वरून कामगिरीचा आकडा दाखवण्याचा दबाव, आणि ‘त्या टोळक्याला आत टाका’ म्हणून दटावणारे गल्लीतले प्रतिष्ठित लोक, यांत आमच्या मशिदीच्या कमिटीवरचे लोकही असतात. शब-ए-बरातच्या रात्री मुंबईत मोटारसायकली उडवत जाणाऱ्या पोरांना आवरा म्हणून उलेमांना दरवर्षी आवाहन करावे लागते, हे काही पोलिसांनी रचलेले कुभांड नाही. ज्याच्याकडे परवाना नाही, हेल्मेट नाही, मागे दोन मित्र बसलेले, त्याला थांबवलेच पाहिजे. थांबवण्याबद्दल आमची तक्रार नाही. थांबवल्यानंतर दंडाची पावती फाडायची, बापाला बोलावून समज द्यायची, की रात्रभर बाकावर बसवून सकाळी काहीतरी कलम शोधायचे, हा पुढचा निर्णय कशाच्या आधारे होतो, एवढेच आम्ही विचारतो. समज देऊन सोडणे हाही पोलिसांचा स्वेच्छाधिकारच आहे, आणि तो आम्हांला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तो कोणाच्या वाट्याला येतो आणि कोणाच्या नाही, हे मात्र साहित्याने पाहायला हवे होते.

साहित्याने काय पाहिले? अगदी जवळचे उदाहरण घेऊ. १९५१ चा ‘आवारा’. कथा ख्वाजा अहमद अब्बास आणि व्ही. पी. साठे यांची, म्हणजे पानिपतचा एक मुसलमान आणि एक मराठी माणूस. चोराचा मुलगा चोरच होणार, असे मानणाऱ्या न्यायाधीशाशी त्यांनी तीन तास वाद घातला आणि तो जिंकला. आजारी, भुकेल्या आईसाठी पाव चोरणारे ते पोर सगळ्या देशाला, देशाबाहेरही, आपले वाटले. पण आज तो चित्रपट पाहताना आम्हांला एक खटकते. पोर पाव घेऊन पळते आणि पाहता पाहता गजांआड दिसते. मध्ये ज्या माणसाने ठरवले की या पोराला पाव देऊन घरी न पाठवता बंदिस्त करायचे, तो माणूस पडद्यावर येतच नाही. अब्बास आणि साठे न्यायमूर्तींशी भांडले, ठाणे अंमलदाराशी भांडायचे राहून गेले.

बत्तीस वर्षांनी ‘अर्धसत्य’ आला. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचे दिग्दर्शन. इथे तर नायकच फौजदार. आणि इथे निर्णय आहेत. वरून फोन येतो आणि गुंडाची माणसे सुटतात, हे चित्रपट नेमके दाखवतो. त्या अपमानाचा सगळा जाळ शेवटी कोठडीतल्या एका भुरट्या चोरावर निघतो, रेडिओच्या चोरीच्या संशयावरून आणलेला. तो मारहाणीत मरतो. हा प्रसंग मराठी-हिंदी पडद्यावरच्या सर्वांत प्रामाणिक प्रसंगांपैकी आहे, यात शंका नाही. तरी प्रेक्षक म्हणून आपण घरी कोणाचे दुःख घेऊन जातो? वेलणकरचे. त्याचा बाप, त्याचे प्रेम, त्याची घुसमट आपल्याला पाठ असते. मेलेल्या पोराची आई कुठे राहत होती, त्याला कोणी, कधी, कोणत्या संशयावरून उचलले, हे विचारायचे आपल्याला सुचत नाही. तेंडुलकरांसारख्या निर्दय निरीक्षकाच्या हातूनही सहानुभूती गणवेशाकडे झुकली, हे नोंदवायला हवे. एका परीने ‘मिळून आला’ हे वाक्य तिथेही शिल्लक राहिले.

मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे!’मध्ये (१९८८) कृष्णा आणि मंजू या दोन मुलांना रात्री रस्त्यावरून उचलले जाते आणि मुले बालगृहात जाऊन पडतात. चित्रपट बालगृहाचे आतले जग चांगले दाखवतो. उचलण्याचा क्षण मात्र भरधाव निघून जातो. कदाचित रस्त्यावरच्या मुलाला तो तसाच अनुभवाला येत असेल. ‘झुंड’मध्ये (२०२२) नागराज मंजुळे यांनी वेगळा धागा धरला. मारामारीवरून पोलिसांत लागलेले नाव फुटबॉलसाठी परदेशी निघालेल्या पोराच्या वाटेत कसे आडवे येते, हे दाखवून त्यांनी नोंदीचे पुढचे आयुष्य पकडले. आम्हांला हा चित्रपट लांबलेला वाटतो, पण हा धागा अन्य कोणी पकडलेला नाही.

निर्णयाच्या त्या दहा मिनिटांचे खरे लेखन मराठीत कोणी केले असेल तर ते भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वाचकांनी त्यातली भूक आणि मारहाण लक्षात ठेवली. आमच्या मते त्याचे खरे मोल वेगळे आहे. पकडणे आणि सोडणे हा एक व्यवहार आहे, त्याला दर आहेत, मध्यस्थ आहेत, ठरलेले शिष्टाचार आहेत, हे ते पुस्तक कोणताही आव न आणता सांगते. अटक ही तिथे आपत्ती नाही, ती घरखर्चातली एक बाब आहे. हे लिहायला जी निर्भीडता लागते ती आमच्या मध्यमवर्गीय मुस्लिम लेखकाकडे अद्याप आलेली नाही.

आणि हा इतिहास आमच्यापासून तुटलेलाही नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा ज्या जमातींना लागू झाला, त्यांत छप्परबंद ही मुसलमान जमात होती. खोटी नाणी पाडणारे म्हणून साऱ्या जमातीच्या कपाळी शिक्का बसला. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ती आहे. ज्या सोलापुरात १९९० साली मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन भरले, त्याच सोलापुरात या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवणारी वसाहत होती. ऑगस्ट १९५२ अखेर तो कायदा रद्द झाला. पण कायद्यातून गेलेली ‘ख्याती’ डायरीतून गेली नाही. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाला दोनदा हे सांगावे लागले. एकदा हिस्ट्रीशीटमध्ये घरातल्या अल्पवयीन मुलांचे तपशील विनाकारण घालू नका, म्हणून. दुसऱ्यांदा तुरुंगातील जातिभेदावरच्या निकालात, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक करू नका, म्हणून. तो दुसरा खटला सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी नेला होता. त्याआधी १९८३ मध्ये मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांचा आणि १९८६ मध्ये तुरुंगातील मुलांचा प्रश्न शीला बारसे यांनी न्यायालयात नेला, त्याही पत्रकारच. कथा-कादंबरीकारांनी नेलेला एकही खटला आमच्या वाचनात नाही.

आता आमच्या घराकडे वळू. मुस्लिम मराठी कथेने दंगल लिहिली. संशय लिहिला. भाड्याने घर न मिळणे लिहिले. बॉम्बस्फोटानंतरच्या धरपकडीवर कविता आल्या, आणि त्या यायलाच हव्या होत्या. २००६ च्या मालेगाव स्फोटात धरलेले मुसलमान तरुण २०१६ मध्ये दोषमुक्त झाले. मुंबईच्या लोकल स्फोटांच्या खटल्यात शिक्षा झालेल्या बाराही जणांना जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले. त्याच खटल्यातून २०१५ मध्ये सुटलेले अब्दुल वाहिद शेख यांनी ‘बेगुनाह कैदी’ हे जाड पुस्तक लिहिले. मोठ्या आरोपातल्या निरपराध माणसाला लेखक मिळतो, कारण तो पूर्ण निरपराध असतो आणि त्याचे दुःख भव्य असते.

पण ज्याने खरोखरच शेजाऱ्याची सायकल नेली, क्रिकेटच्या भांडणात स्टंप डोक्यात घातला, कोणाचा मोबाइल उचलून दोन दिवसांनी घाबरून परत ठेवला, त्याचे काय? त्याच्याबद्दल लिहायची आम्हांला लाज वाटते. आमच्या कथेत असा पोरगा आलाच तर तो कथेच्या कडेला येतो, ‘मोहल्ल्यातला मवाली’ म्हणून. शिकलेल्या नायकाला कॉलेजला जाताना त्याची टोळी आडवी येते, एवढेच त्याचे काम. म्हणजे डायरीतली ख्याती आम्हीही मुकाट्याने मान्य केली. समाजाची प्रतिमा जपण्याच्या काळजीने आम्ही निरपराधाचीच बाजू घेत राहिलो, आणि किरकोळ अपराध्यालाही बाजू असते हे विसरलो. कायदा मात्र ते विसरलेला नाही. किरकोळ अपराधासाठी त्याने वेगळी वाट आखली आहे.

ही चैन आम्हांला परवडणारी नाही, हे एका अभ्यासातून पुरेसे दिसते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी महाराष्ट्रातील तुरुंगांतल्या मुस्लिम बंद्यांचा अभ्यास केला. त्यावरचा त्यांचा लेख २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. राज्याच्या लोकसंख्येत मुसलमान २००१ च्या जनगणनेप्रमाणे १०.६ टक्के, आणि तुरुंगात मात्र सुमारे एक तृतीयांश. इतकी तफावत एकट्या दहशतवादाच्या खटल्यांनी होत नाही, हे सांगायला गणितज्ञ नको. ती रोजच्या ‘मिळून आला’ने, नोटिशीऐवजी अटकेने, आणि जामीनदार न मिळाल्याने साचत जाते. यात दारिद्र्य किती, अशिक्षितपणा किती आणि पूर्वग्रह किती, याची वाटणी आम्ही करू शकत नाही. गरीब दलित आणि आदिवासी पोरांचीही तीच कथा आहे. एकट्या मुसलमानांचेच गाऱ्हाणे म्हणून ती सांगणे आम्हांला पसंत नाही.

वयाचाच प्रश्न घ्या. अठराच्या आत की वर, यावर सारे अवलंबून: बालगृह की कोठडी. कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर नगरपालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तर वैद्यकीय तपासणी. आता आमच्या पोरांच्या दाखल्यावरची जन्मतारीख पाहा. निम्म्यांची १ जून. शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी अंदाजाने वर्ष टाकायचे आणि तारीख सरसकट तीच. भिवंडीत किंवा मालेगावात यंत्रमागावर बसलेल्या, शाळा चौथीत सुटलेल्या, परमुलखातून आलेल्या पोराकडे तोही कागद नसतो. मध्यरात्री ठाण्यात तो किती वर्षांचा आहे हे त्याच्या मिशीवरून ठरते. एका जन्मतारखेवर एक दीर्घकथा उभी राहील, असा हा विषय आहे. कोणी हात घातलेला नाही.

डोंगरीची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली, ती त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात भोगली. आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ लिहिले. मराठी तुरुंगवाङ्मयाच्या आरंभी ते पुस्तक येते. उमरखाडीतल्या त्या जुन्या तुरुंगाच्या जागी पुढे मुलांची संस्था आली. निरीक्षणगृह आणि बालगृह तिथेच आहे, ऐन मुसलमान वस्तीत. भिंतीबाहेर बिर्याणीच्या डेगा, आत मुंबईच्या कानाकोपऱ्यातून आणलेली पोरे. एका संपादकाच्या एकशे एक दिवसांचे पुस्तक झाले. त्यानंतरच्या साऱ्या वर्षांत तिथे राहून गेलेल्या मुलांपैकी एकाचेही मराठी पुस्तक आम्ही वाचलेले नाही. त्यांना लिहिता येत नव्हते, हे उत्तर पुरेसे नाही. आगरकरांना आपण कोणत्या लेखासाठी आत आहोत हे माहीत होते. पोराला बहुतेक वेळा आपण कशासाठी आत आहोत हेच नीट सांगितलेले नसते. ज्या गोष्टीची सुरुवात माहीत नाही ती लिहायची कशी?

आणि म्हणून आम्हांला त्या बाल न्याय नियमांतल्या पहिल्या नमुन्याचे, सामाजिक पार्श्वभूमी अहवालाचे, फार अप्रूप वाटते. मुलाच्या घरी कोण कोण आहे, शाळा का सुटली, संगत कोणाची, मारहाण किंवा छळ सोसला आहे का, हातून हे घडण्याचे कारण काय असावे, हे सारे एका पोलीस अधिकाऱ्याने लिहायचे आहे. म्हणजे कायद्याने फौजदाराला व्यक्तिचित्र लिहायला सांगितले आहे! ‘मिळून आला’च्या अगदी उलट जातीचे हे गद्य आहे. यात कर्ता आहे, भूतकाळ आहे, आई आहे. हा नमुना प्रत्यक्षात मन लावून भरला, तर त्या पोराला कोठडीत ठेवायचे कारण लिहिता लिहिताच विरघळून जाईल, असे आम्हांला वाटते. तो रकान्यात ‘निरंक’ लिहून भरला जातो तेव्हा दोष एकट्या पोलिसाचा कसा म्हणावा? ज्या भाषेत तो लिहितो, त्या भाषेतल्या लेखकांनी त्याला एकही नमुना वाचायला दिलेला नाही.

या अंकाच्या संपादकांना आमची एक सूचना आहे. पुढील वर्षी कथा-कवितांबरोबर काही पाने अशा निवेदनांसाठी राखावीत: ज्याला एका रात्री ठेवले त्याचे, ज्याला समज देऊन सोडले त्याचे, बाकावर बसलेल्या बापाचे, आणि कोणी निवृत्त ठाणे अंमलदार तयार झाला तर त्याचेही. आपल्या समाजात पोलीस खात्यातून निवृत्त झालेले लोक आहेत. त्यांनी लिहावे, अशी विनंती त्यांना अद्याप कोणी केलेली नाही. भाषा सुधारण्याच्या भानगडीत पडू नये, दखनी असेल तर दखनी राहू द्यावी. नावे अर्थातच बदलावी लागतील. बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ अठराच्या आतल्या मुलाची ओळख छापू देत नाही; वय त्याहून जास्त असेल तरी ते पाळलेले बरे. गावाचे नाव मात्र खरे ठेवावे, आणि रात्री किती वाजता, कोणत्या चौकात, हेही.